तेज हवे, ताप नको

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत मला बोलावले गेले तेव्हा माझ्याकडून एखाद्या कादंबरीकारावर अथवा दखनी आणि मराठी यांच्या देवाणघेवाणीवर दोन शब्द ऐकायला मिळतील, अशी कार्यवाहांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो 'खिडकी' असा. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी विचारले, "सर, ही कविता आहे का?" मी म्हणालो, "नाही, हे बांधकाम आहे." मराठीच्या अध्यापकाने बांधकामावर बोलावे हा आगाऊपणा आहे, हे मला कळते. तरीही तो करण्यामागे एक कारण आहे आणि ते कारण माझ्या एका चुकीशी निगडित आहे. ती चूक पुढे सांगेनच. प्रथम माझ्या अधिकाराच्या प्रांतातून, म्हणजे शब्दांतून, सुरुवात करतो.

आपल्या पूर्वजांनी खिडकीला निरनिराळी नावे दिली. 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट. 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा. इंग्रजांच्या 'विंडो' शब्दाचे मूळ जुन्या नॉर्स भाषेत सापडते आणि तिथेही त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असाच आहे. यात काचेचा कोठेही संबंध नाही, कारण काच फार उशिरा आली. ती आली तेव्हा तिच्यासाठी आपण 'तावदान' हा शब्द वापरू लागलो. कोशकार तो फारसीतून आल्याचे सांगतात. फारसीत 'ताब' म्हणजे तेज आणि 'ताब' म्हणजे तापही. प्रकाश आणि उष्णता या दोन्ही गोष्टी त्या भाषेने एकाच शब्दात बांधल्या आहेत. साध्या काचेच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. साधी काच उजेड आत घेते, त्याच्या पाठोपाठ ऊनही आत घेते. खिडक्यांचे आधुनिक शास्त्र गेली पन्नास वर्षे ज्या प्रश्नाशी झुंजते आहे तो एवढाच आहे, की या शब्दाची फोड कशी करावी? तेज आत यावे आणि ताप बाहेर राहावा, हे साधायचे कसे? आणि साधले आहे किंवा नाही, हे मोजायचे कसे?

आता माझी चूक. बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्या वाचनकक्षाच्या पश्चिमेकडील खिडक्या बदलल्या गेल्या, हे ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. त्या सागवानी होत्या. बाहेरून झिलमिलीची झडप, आतून तावदानाची झडप, वर दगडी छज्जा. मी महाविद्यालयात शिकत असताना येथे दुपारी अभ्यासाला येत असे. उन्हाळ्यात सकाळी अकराच्या सुमारास आपले शिपाईकाका पश्चिमेच्या झिलमिली ओढून घेत आणि उत्तरेच्या खिडक्या सताड उघडीत. कडक उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लागत. संध्याकाळी सहानंतर सर्व झडपा पुन्हा उघडत. हा नित्यक्रम मला वेळापत्रकासारखा पाठ होता. त्यामागे काही विचार आहे, हे मात्र कधी ध्यानात आले नाही.

पुढे लाकूड फुगले, बिजागऱ्या गंजल्या, पावसाचे पाणी आत येऊ लागले. नूतनीकरणासाठी उपसमिती नेमली गेली. त्या उपसमितीचा निमंत्रक मी होतो. पुरवठादाराने आम्हांला गडद निळ्या काचेच्या, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दाखवल्या. "ही ऊर्जा वाचवणारी काच आहे," असे तो म्हणाला. आम्ही पाचही जण सुशिक्षित होतो. आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला, "चौरस फुटाला भाव काय?" ठरावावर पहिली स्वाक्षरी माझी आहे. इतिवृत्ताच्या वहीत ती आजही पाहता येईल.

परिणाम आपण सर्वांनी भोगला. काच गडद असल्यामुळे भर दुपारी दिवे लावावे लागले. ऊन मात्र अडले नाही, कारण गडद काच ऊन शोषून घेते, स्वतः तापते आणि भट्टीच्या भिंतीसारखी आत उष्णता फेकते. सरकत्या खिडकीची एका वेळी निम्मीच बाजू उघडते, म्हणून वारा अर्धा झाला. वातानुकूलन यंत्रे आली. विजेचे देयक वाढले. वीज गेली की कक्षात बसवेना. पश्चिमेच्या टेबलावर रोज दुपारी वर्तमानपत्रे वाचणारी आजोबा मंडळी एकेक करून येईनाशी झाली. त्यांच्या न येण्याचे कारण आम्ही दूरदर्शनच्या मालिकांत शोधत राहिलो. खिडकीकडे कोणी पाहिले नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. येथे तर जे दिसते ते काचेतूनच पाहावे लागते!

मला शहाणे केले ते आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने. एकदा त्यांना मी येथे घेऊन आलो. त्यांनी काचेला तळहात लावला, झटकन मागे घेतला आणि विचारले, "या खिडकीचे अंक कुठे आहेत?" खिडकीला अंक असतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. ते अंक त्यांनी मला समजावले. त्यांतील चूकभूल माझी आणि जे बरोबर असेल ते त्यांचे.

पहिला अंक 'यू-व्हॅल्यू'. आतील आणि बाहेरील तापमानात एका अंशाचा फरक असताना खिडकीच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, ते हा अंक सांगतो. तो जितका लहान तितकी खिडकी चांगली. एकेरी साध्या काचेचा हा अंक सुमारे ५.७ असतो. दोन काचांमध्ये हवेची फट ठेवून केलेल्या दुहेरी तावदानाचा सुमारे २.८.

दुसरा अंक उन्हाचा. काचेवर पडणाऱ्या सूर्याच्या उष्णतेपैकी किती वाटा शेवटी खोलीत येतो, ते तो सांगतो. अभियंते त्याला 'एसएचजीसी' म्हणतात, आपण 'ऊनवाटा' म्हणू. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेचा ऊनवाटा सुमारे ०.८२ असतो. म्हणजे रुपयातले ब्याऐंशी पैसे आत.

तिसरा अंक उजेडाचा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा किती वाटा आत येतो, ते त्यातून कळते. साध्या काचेचा हा 'उजेडवाटा' सुमारे ०.८८. आता उजेडवाट्याला ऊनवाट्याने भागावे. साध्या काचेचे उत्तर एकाहून किंचित अधिक येते. गडद करड्या काचेचा उजेडवाटा सुमारे ०.४३ आणि ऊनवाटा सुमारे ०.६० असतो, म्हणून तिचे उत्तर एकाहूनही कमी. अशी काच उजेड निम्म्याने कापते आणि ऊन जेमतेम चौथ्या हिश्श्याने. आम्ही बसवली ती याच जातीची. उलट, जिच्यावर चांदीचा अतिसूक्ष्म, डोळ्यांना न जाणवणारा थर असतो अशा निवडक काचेत ऊन पाव हिश्श्यावर आणूनही निम्मा उजेड राखता येतो. 'ताब' या शब्दाची फोड करणारी काच ती हीच.

यांपैकी कोणता अंक आपल्याला अधिक महत्त्वाचा? येथे थोडे गणित करू. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये, गुणाकारच आहेत. पश्चिमेला दहा चौरस मीटर काच आहे, तिच्यावर छज्जा नाही, उन्हाळ्याच्या दुपारी तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६०० वॅट ऊन पडते, बाहेर ४१ अंश आणि आत २५ अंश तापमान आहे, असे धरू. साध्या काचेतून उन्हावाटे ४,९२० वॅट आत येतील आणि तापमानातील फरकामुळे सुमारे ९१२ वॅट. आता ऊनवाटा ०.२७ आणि यू-व्हॅल्यू ३ असलेली खिडकी बसवली तर उन्हाचे १,६२० वॅट उरतील आणि फरकाचे ४८०. म्हणजे ऊनवाटा सुधारल्याने ३,३०० वॅट वाचले आणि यू-व्हॅल्यू सुधारल्याने ४३२. वातानुकूलनाचा एक टन म्हणजे सुमारे ३,५०० वॅट. तेव्हा जवळजवळ एक टनाचे यंत्र त्या काचेच्या जागीच वाचले. थंड देशांत घरातील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून यू-व्हॅल्यूला पहिला मान दिला जातो. आपल्या दख्खनच्या पठारावर पहिला मान उन्हाच्या अंकाचा. परदेशी खिडकीची नुसती नक्कल का करू नये, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

हे अंक छापण्याची पद्धत कशी रुजली, तेही सांगण्यासारखे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांना इमारतींतील ऊर्जेचा हिशेब करावा लागला. बाजारात नाना प्रकारच्या 'ऊर्जा वाचवणाऱ्या' खिडक्या आल्या. प्रत्येक कारखानदार आपल्या सोयीचा अंक सांगे. कोणी काचेच्या मध्यभागाचा अंक सांगे आणि चौकटीचा विसरे. चौकट ही मामुली बाब नव्हे. अॅल्युमिनियम सागवानाच्या सुमारे हजारपट उष्णता वाहून नेते. म्हणून चांगल्या अॅल्युमिनियम चौकटीत आतला आणि बाहेरचा धातू वेगळा करणारी उष्णतारोधक पट्टी घालावी लागते. हा गोंधळ मिटवण्यासाठी अमेरिकेत १९८९ साली 'नॅशनल फेनेस्ट्रेशन रेटिंग कौन्सिल' ही संस्था निघाली. काच, चौकट आणि काचेच्या कडा मिळून होणाऱ्या संपूर्ण खिडकीचे मूल्यमापन करायचे आणि ते अंक चिठ्ठीवर छापायचे, असा तिचा दंडक आहे.

घराची खिडकी कारखान्यातून तयार होऊन येते, तिला चिठ्ठी चिकटवता येते. मोठ्या कार्यालयांचे, रुग्णालयांचे, दुकानांचे तसे नसते. तेथे चौकट एकाची, काच दुसऱ्याची, जोडणी तिसऱ्याची, आणि खिडकी जागेवरच आकाराला येते. म्हणून व्यापारी इमारतींसाठी प्रत्येक घटकाचे तपासलेले गुणधर्म घेऊन संपूर्ण खिडकीचे अंक संगणकावर काढण्याची आणि त्या इमारतीपुरते प्रमाणपत्र देण्याची रीत पडली. समासाचा विग्रह करून अर्थ लावावा, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या देशात २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. शीतकपाटावरचे आणि वातानुकूलन यंत्रावरचे तारे आपण ओळखतो, ते याच ब्यूरोचे. याच ब्यूरोने २००७ साली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता काढली. ती २०१७ मध्ये सुधारली गेली, आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीने तिच्या कक्षेत शाश्वततेचाही विचार आला. संयुक्त आंध्र प्रदेशाने २०१४ साली ही संहिता आपल्या इमारत नियमांत आणली. २०१७ च्या संहितेत खिडक्यांसाठी नेमके अंक दिले आहेत. भिंतीच्या क्षेत्रफळात खिडक्यांचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक नसावा. यू-व्हॅल्यू ३ च्या आत हवी. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ऊनवाटा ०.२७ च्या आत हवा, मात्र पंधरा अक्षांशांच्या उत्तरेकडील गावांत उत्तराभिमुख खिडकीला ०.५० पर्यंत सवलत आहे. हैदराबाद सतरा अंशांवर असल्याने ती आपल्यालाही मिळते. आणि उजेडवाटा ०.२७ हून कमी नसावा, कारण ऊन अडवण्याच्या नादात दिवसा दिवे लावावे लागले तर कमावले काय? हे शेवटचे कलम मी प्रथम वाचले तेव्हा आपली निळी काच माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

या संहितेतील मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी, की ती छज्जाला गुण देते. छज्जाची खोली आणि उंबऱ्यापासून छज्जापर्यंतची उंची यांचे गुणोत्तर काढून त्या मानाने काचेची अट शिथिल होते. आपल्या शिपाईकाकांची झिलमिली अखेर शास्त्राच्या पंगतीला बसली! त्यामागील तत्त्व सोपे आहे. आतला पडदा ऊन आत आल्यावर त्याला अडवतो, बाहेरचा छज्जा ते दारातच थोपवतो. नको असलेला पाहुणा उंबरठ्याबाहेरच थांबवावा, बैठकीत येऊन बसल्यावर त्याला घालवणे कठीण.

मात्र छज्जाही दिशा पाहून काम करतो. हैदराबादेत मेच्या नऊ तारखेच्या आणि ऑगस्टच्या तीन तारखेच्या सुमारास सूर्य माध्यान्ही ऐन डोक्यावर येतो. मधल्या काळात तो माध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळ्यात बेताचा छज्जाही पुरतो. पश्चिमेचा सूर्य मात्र दुपारनंतर खाली उतरून समोरून येतो. त्याला आडवा छज्जा पुरत नाही, उभी झडप लागते. जुन्या बांधणाऱ्यांनी पश्चिमेला छज्जा असूनही झिलमिली लावल्या होत्या, त्या हौसेखातर नव्हेत. उस्मानिया विद्यापीठाची १९३९ ची कला महाविद्यालयाची इमारत पाहावी. जाड दगडी भिंतीत खोल बसवलेल्या तिच्या खिडक्या स्वतःची सावली स्वतःवर धरतात. आणि नव्या काळातील उदाहरण हवे असेल तर याच शहरात २००४ साली उभे राहिलेले सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर पाहावे. अमेरिकेबाहेर 'प्लॅटिनम' हरित दर्जा मिळवणारी ती पहिली इमारत. तिथे आधुनिक काच आहे आणि तिच्या शेजारी जाळीही आहे. जुन्याला आणि नव्याला एकमेकांचे वावडे नाही.

जुने तेवढे सोने, असा माझा पक्ष नाही, हे मुद्दाम सांगतो. आपल्या जुन्या खिडक्यांच्या फटींतून धूळ येत असे, पाणी येत असे. दुर्मीळ ग्रंथांच्या आणि हस्तलिखितांच्या खोलीला तसल्या खिडक्या घातक आहेत. तेथे सतत सारखे तापमान आणि सारखी आर्द्रता हवी, म्हणून घट्ट बसणारे दुहेरी तावदान हवे. शिवाय या अंकांत एक गोष्ट येत नाही, ती ग्रंथालयाने स्वतःहून विचारली पाहिजे. कागद पिवळा पडतो, बांधणीचे कापड विटते, त्याला अतिनील किरण मोठ्या प्रमाणात कारणीभूत असतात. साधी काच त्यांतील बराच भाग आत सोडते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेली काच त्यांना जवळजवळ संपूर्ण अडवते. कार्यालयाच्या खिडकीत याची फारशी चौकशी होत नाही. पण पश्चिमेच्या कपाटातील आपल्या जुन्या मासिकांचे बांधीव खंड एका अंगाने कसे विटले आहेत, ते जाता जाता पाहावे. वाचकाला वारा हवा, ग्रंथाला निवारा हवा. दोन्ही गरजा एकाच खिडकीने भागणार नाहीत.

हे सर्व आजच बोलण्याचे कारण असे, की शताब्दीनिमित्त नव्या दालनाचा आराखडा कार्यकारी मंडळापुढे आला आहे. त्यात पश्चिमेचा दर्शनी भाग तळापासून गच्चीपर्यंत काचेचा दाखवला आहे. एका उदार आश्रयदात्यांनी त्यासाठी देणगीही देऊ केली आहे. चित्रात ती इमारत फार देखणी दिसते, यात शंका नाही. मी विरोध करण्यासाठी उभा नाही, तो अधिकारही मला नाही. शंभर किलोवॅटहून कमी वीजभार असलेल्या आपल्या छोट्या वास्तूला ती संहिता बंधनकारक नाही, हेही मी जाणतो. पण कायदा विचारत नाही म्हणून आपणही विचारू नये काय? मागच्या वेळी आम्ही एकच प्रश्न विचारला होता. या वेळी पाच विचारावेत, एवढीच विनंती आहे. संपूर्ण खिडकीची, केवळ काचेची नव्हे, यू-व्हॅल्यू किती? ऊनवाटा किती? उजेडवाटा किती? हे अंक कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने तपासले? आणि वीज गेल्यावर ही खिडकी किती उघडेल? उत्तरे लेखी घ्यावीत आणि इतिवृत्तात नोंदवावीत. उत्तरे समाधानकारक आली तर काच अवश्य यावी. पण ती शक्यतो उत्तरेला यावी, आणि पश्चिमेला दगड आणि झिलमिली असावी.

शेवटी एक खासगी गोष्ट जाहीरपणे सांगतो. आपल्या त्या जुन्या सागवानी खिडक्या विकल्या गेल्या नव्हत्या. जिन्याखालच्या खोलीत, रद्दीच्या मागे, त्या अजून उभ्या आहेत. गेल्या महिन्यात मी एका सुताराला घेऊन गेलो. चौकटींना कीड नाही, बिजागऱ्या आणि काही पट्ट्या बदलाव्या लागतील, असे त्याचे मत पडले. वाचनकक्षाची निदान एक खिडकी पूर्ववत करून तिचा खर्च माझ्याकडून स्वीकारावा, असा अर्ज मी आज कार्यवाहांच्या हाती दिला आहे. याला देणगी समजू नये. ग्रंथालयाचे पुस्तक उशिरा परत केल्यावर आपण विलंबशुल्क भरतो, तसे हे माझे विलंबशुल्क आहे.

ती खिडकी बसली आणि एखाद्या मे महिन्याच्या दुपारी त्या टेबलाशी कोणी आजोबा पुन्हा वर्तमानपत्र उघडून बसलेले दिसले, तर ते शुल्क फिटले, असे मी मानीन.